अंगठा हलला

मी डॉक्टर झालो तो माझ्या थोरल्या आक्कामुळे. मला निलंग्याला शिकायला ठेवता यावं म्हणून तिनं स्वतःची शाळा सातवीत सोडली आणि शेतात खपली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

आता मी नांदेडला सर्पदंशाच्या विभागात काम करतो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी हिमायतनगरकडची एक बाई आली. जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली होती. मण्यारीच्या दंशाला सूज येत नाही, खूणही धड दिसत नाही. घरच्यांनी पोटदुखी समजून ओवा दिला, मग विष उतरावं म्हणून मारुतीच्या पारावर नेऊन बसवलं. आमच्याकडे पोचेपर्यंत पापण्या मिटल्या होत्या, श्वास थांबत आला होता. विषावरचं इंजेक्शन दिलं, व्हेंटिलेटर लावला.

दुसऱ्या दिवशीही ती निपचित. डोळ्यात टॉर्च मारला तरी बाहुली आकसेना. थोरला दीर चिडला.

"मेलेल्या माणसाला मशीन लावून राहिले का, डॉक्टर? काढा. घरी नेतो आम्ही."

मशीन काढली असती, तर ती दारापर्यंतही पोचली नसती.

"विषानं अंग लुळं पडलंय, पण तिला ऐकू येतं," मी म्हणालो आणि तिच्या नवऱ्याला पुढं केलं. "बोला तिच्याशी."

त्यानं भावाकडे पाहिलं. थोरल्या भावासमोर बायकोशी बोलायचं कसं? शेवटी भावानंच भिंतीकडे तोंड केलं.

"अगं ए," नवरा पुटपुटला, "म्हैस कुणाला जवळ येऊ देईना. दादाला लाथ घातली."

पांघरुणाबाहेरचा पायाचा अंगठा हलला. किंचितच.

"हसल्या बघा त्या!" सिस्टर ओरडल्या.

मी दिराला खांदे धरून वळवलं. "आता तुम्ही सांगा."

"माय, हालव गं एकदा," तो म्हणाला. अंगठा पुन्हा हलला. तो डोळे पुसत भावावर खेकसला, "लाथेचं सांगायची काय गरज होती रे?" मग मला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मशीन."

ती घरी गेली त्या दिवशी मी पत्र लिहिलं:

"आक्का,

मण्यार चावलेली एक बाई आज स्वतःच्या पायांनी एसटीत चढली. तिनं सगळं ऐकलं होतं. सगळ्यांदेखत दिराला म्हणाली, 'भावजी, मला कुठं न्यायला निघाले होते?' वॉर्ड हसून बेजार. तू तिथं असायला हवी होतीस. हे काम तुझं आहे, मी फक्त हात लावतो.

भुईवर झोपू नकोस. खाट पाठवतोय. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचत जा, म्हणजे साप आत शिरत नाही.

तुझा धाकटा"