मास्क वहिनीच्या हाती

१९८३-८४ची गोष्ट असेल. वर्ध्याच्या दवाखान्यात तपासणी चालू असतानाच बाबांचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबून, विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालू केलं. कारंज्याहून एसटीने मी पोचले, तेव्हा बाबा बेशुद्धच होते आणि त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरून वहिनी उशाशी बसली होती. माझी जागा तिने तिथेही घेतलीच होती.

मास्कचं रबर सैल झालं होतं, म्हणून घरच्या माणसाने तो हाताने धरून ठेवायचा.

"द्या इकडे वहिनी, थकल्या असान तुम्ही."

"राहू द्या ताई, मले जमते."

मग सिस्टरने माझ्याकडे लघवीची बाटली दिली. तासाला किती भरते ते कागदावर लिहायचं. किडन्या तगल्या की नाही ते त्यावरून कळतं म्हणे. उशाचा मान सुनेला आणि सख्ख्या लेकीला पायथ्याची बाटली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी एकही तास मी चुकवला नाही.

डॉक्टर म्हणाले होते, "हृदय थांबलं तेवढा वेळ मेंदूलाही ऑक्सिजन मिळाला नाही. माणसं ओळखतात का, ते बघू." मी देवाला एकच मागितलं, बाबांनी ओळखावं. आणि खरं सांगते, आधी मला ओळखावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डोळे उघडले. मी वहिनीला कोपराने सारून पुढे झाले.

"बाबा, ह्या कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"माही पोरगी. कारंज्याची."

मी वहिनीकडे बघून घेतलं. डॉक्टरांनी तिच्याकडे बोट केलं. "आणि ह्या?"

"हे बी माहीच पोरगी. मोठी."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. "तुम्ही बहिणी किती?" त्यांनी मला विचारलं.

बाबांना मुलगी मी एकटीच. 'ती सून आहे' एवढं म्हटलं असतं, तर कागदावर बाबांची ओळख चुकली अशी नोंद झाली असती. वहिनी मान खाली घालून मास्क धरून होती. पण चांगले हिंडते-फिरते असताना बाबा तिला मोठी पोरगीच म्हणायचे, चारचौघांत म्हणायचे, आणि दर वेळी मी उठून आत जायचे.

"बरोबर ओळखलं त्यांनी," मी म्हणाले.

मला रडू फुटलं. लेकीला आनंद झाला, असं सगळ्यांना वाटलं.