पापणी लवली पाहिजे

"अहो आजी, एवढी एक पापणी लववा की. मी काय तुमचे डोळे मागते का?"

"लववतेच आहे गं मघापासून."

"कुठं? हा फोन म्हणतोय समोर माणूस नाही, फोटो आहे. आणि फोटो चालायचा नाही म्हणतोय."

आजीनं फोन हातात घेतला, लांब धरून वाचला आणि तिचा चेहरा खुलला. "खरंच की. म्हणजे अजून जमतंय म्हणायचं मला."

टपालवालीनं कपाळाला हात लावला आणि पायरीवरच बसकण मारली. आजपर्यंत तिला न लवणारी पापणी भेटली नव्हती. तोतरी पापणी भेटली होती, फडफडी भेटली होती, एकच लवणारी भेटली होती. पण खोटं ठरल्याचा आनंद मानणारं माणूस पहिल्यांदाच समोर बसलेलं होतं.

गल्लीबोळांत तिला टपालवाली कुणी म्हणत नसे. पापणीबाई म्हणत. त्याचं असं झालं, की माणसांनी पत्रं लिहायचं सोडलं. एके काळी पिशवीनं तिचा खांदा उतरायचा, आता पिशवीत चार कोरडी पाकिटं आणि पाण्याची बाटली. बाटलीच जड. नोकरी जाते की राहते, या घोरानं ती निम्मी झाली होती, तोवर सरकारच्या डोक्यात प्रकाश पडला. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना दरसाल कचेरीत जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागे. त्या रांगेत जिवंतपणा सिद्ध करता करता माणूस अर्धमेलं होऊन परत यायचं. आता ठरलं की माणसानं घरी बसावं आणि टपालवालीनं फोन घेऊन त्याच्या दारी जावं. फोनमध्ये एक गोल दिसतो, त्यात तोंड बसवायचं. फोनच्या आतली बाई साखर घोळून सांगते, कृपया पापण्या लववा. लवल्या की हिरवी खूण उमटते आणि बाई म्हणते, आपण हयात आहात, धन्यवाद. पापणीच का, तर मेलेल्या माणसाचा फोटो पुढं धरून पोराबाळांनी पेन्शन खाऊ नये. फोटो सगळं करील, पापणी लववणार नाही, असा सरकारचा हिशेब.

टपालवालीला या कामाचं आधी दडपण आलं आणि मग त्याची चटकच लागली. कुठल्या खात्यात अशी गंमत मिळते? सुरुवातीला ती म्हाताऱ्यांना सरळ "डोळे मिटा" म्हणायची. एका निवृत्त हवालदारानं तिला पायरीवरून खाली उतरवली. माझ्या दारात उभी राहून मलाच डोळे मिटायला सांगतेस, म्हणून तो अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा गरजला. त्या दिवसापासून तो शब्द तिनं तोंडातून हद्दपार केला. एका शाळामास्तरणीनं फोनमधल्या बाईचे उच्चार सुधारले. एका कारकुनानं नोंद झाल्यावर पुन्हा एकदा घ्या म्हणून हट्ट धरला, कारण यात आपण फार म्हातारे दिसतो असं त्याचं म्हणणं. घरीसुद्धा तिला खोड जडली होती. जेवताना समोरच्याच्या पापण्यांकडं बघत बसायची, मग नवरा वैतागून म्हणायचा, बाई, मी हयात आहे, मला घास गिळू दे.

तर अशी ही पापणीबाई त्या दिवशी फळीआजीच्या दारात अडकली. नोंदीचा शेवटचा दिवस होता. कचेरी बंद व्हायच्या आत हिरवी खूण उमटली नाही, तर सरकारच्या दप्तरी आजी गेली. पुन्हा जिवंत व्हायचं तर परगावच्या मोठ्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, स्वतः चालत जायला हवं. आजीचे गुडघे असे की घरातून पायरीपर्यंत यायलाच तिला तीनदा देव आठवायचे. आणि तोवर पेन्शन बंद. त्या पेन्शनीवर त्या घरातली चूल पेटत होती, दुसरं काही नव्हतं.

पेन्शन होती सर्कशीतल्या म्हाताऱ्या कलावंतांची, एका घरात एकालाच. आजी सर्कशीत होती. नवरा चाकू फेकायचा आणि ही फळीपुढं उभी राहायची, म्हणून ती फळीआजी. कानाशी, काखेत, बोटांच्या मधे चाकू येऊन थडाथडा रुतायचे आणि ही देवळातल्या मूर्तीसारखी. पापणी लवली तर हनुवटी हलते, हनुवटी हलली तर मान, आणि मान हलली तर पुढचं काही सांगायला नको. त्यामुळं पापणीला तिनं असं वळण लावलं होतं, की समोरून कुणी काही रोखलं रे रोखलं की ती जागच्या जागी थिजायची. एरवी गप्पा मारताना, चहा फुंकताना चारचौघींसारखी फडफडायची. फोन समोर आला की दगड.

आता टपालवालीही हटणारी नव्हती. तिनं आजीला बोलण्यात गुंतवून पदराआडून हळूच फोन वर काढला. आजीच्या डोळ्यांनी तो हेरला आणि ते थिजले. फोन आजीच्याच हातात दिला, म्हटलं, तुम्हीच धरा. आजीनं स्वतःवर रोखला. रोखला म्हणजे रोखलाच. फुंकर मारून झाली. टाळी वाजवून झाली. कांदा चिरला, तर आजीच्या उघड्या डोळ्यांतून धारा लागल्या, टपालवालीच्याही लागल्या, पण पापणी टपालवालीचीच लवली आणि फोन म्हणाला, कृपया एकाच व्यक्तीनं समोर यावं.

एव्हाना बोळ जमला होता. समोरचा शिंपी मशीन सोडून आला. गळ्यात टेप तशीच. त्याच्या मागोमाग त्याची बायको, तिच्या मागोमाग गिऱ्हाईक, एका बाहीचा सदरा घालून. प्रत्येकाकडं एक युक्ती होती. शिंप्याच्या बायकोनं कोंबडीचं पीस आणून आजीच्या डोळ्यापुढून फिरवलं, तर फोननं चेहऱ्यासमोरची वस्तू हटवायला सांगितली. गिऱ्हाईकानं आजीच्या मागं जाऊन पत्र्याचा डबा आपटला. त्या आवाजानं शिंपी दचकला, टपालवाली दचकली, छपरावरचं मांजर पळालं. आजीनं विचारलं, काय पडलं रे?

"जन्मभर मला वाटलं ही बया माझ्याशी भांडताना मुद्दाम टक लावते," शिंप्याची बायको म्हणाली. "आज कळलं, तिचं यंत्रच तसं आहे."

सगळे हसले. आजीही हसली, पण टपालवालीनं फोन वर केल्याबरोबर ते हसू ओठावरून पुसलं गेलं, जसा कुणी दिवा घालवावा. उन्हं भिंतीवर चढायला लागली होती. टपालवालीला आता कचेरीचं बंद होणारं दार दिसायला लागलं. गंमत गंमत म्हणता म्हातारी कागदावर मरायची, आणि तेही आपल्या हातून.

तिनं लोकांना गप्प केलं आणि आजीच्या शेजारी टेकली. म्हणाली, सर्कशीत कसं करत होता? कधीतरी तर लवत असतील.

"लवायची की," आजी म्हणाली. "शेवटचा चाकू इथं कानाशी बसला, की ढोल वाजायचा. मग मी लववायची. खेळ संपला नाही तोवर कशी लववू?"

टपालवाली ताडकन उभी राहिली. म्हणजे म्हातारी मघापासून खेळ संपायची वाट बघतेय. आणि इथं तर अजून पहिला चाकूही फेकलेला नाही.

चाकू फेकणारा नवरा आत खाटेवर बसलेला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. त्याच्या हातांना कापरं भरलं होतं, पेला ओठापर्यंत न्यायचा तर निम्मं पाणी छातीवर. बाहेरचा सगळा गोंधळ त्यानं ऐकला होता, पण बाहेर यायचं नाव नाही. टपालवालीनं विनवलं, शिंप्यानं विनवलं. चाकू नको, चिंध्यांचे गोळे फेका, दुकानात ढिगानं पडलेत, असंही सांगून झालं. तो मान हलवत राहिला. जन्मात एकदाही आपण हिला ओरखडा काढला नाही, तेवढीच आपल्या नावावर जमा, आणि ती आता चिंध्यांपायी घालवायची का, असं त्याचं म्हणणं.

मग आजीनं बाहेरूनच हाक मारली. आवाज चढवला नाही.

"अहो, मी मेले ठरले तर घर चालवाल का तुम्ही? या बाहेर."

म्हातारा आला. नुसता आला नाही, केस पाण्यानं चापून, शर्टाची वरची गुंडी लावून आला. आजी दाराच्या फळीला पाठ लावून उभी राहिली आणि बघणाऱ्यांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. खांदे मागं गेले, हनुवटी वर आली, कंबरेत कुठून कोण जाणे एक वळण आलं. शिंप्याची बायको नवऱ्याच्या कानात म्हणाली, शिका जरा. त्यानं विचारलं, उभं राहायला की फेकायला?

अडचण एकच होती. फोन आजीच्या तोंडापुढं हातभर अंतरावर धरायला हवा, म्हणजे टपालवालीनं कडेला वाकून हात लांब करायचा आणि गोळे तिच्या कानावरून जायचे. नोकरीच्या नियमांत हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. तिनं डोक्यावर पिशवी घेतली, एक हात बाहेर काढला आणि म्हणाली, करा सुरू.

म्हाताऱ्यानं गोळा उचलला. हात थरथरला, बोळाचा श्वास अडकला. गोळा सुटला आणि आजीच्या डाव्या खांद्याला चाटून दारावर थाड. गिऱ्हाईकानं हातातल्या डब्यावर थाप दिली. दुसरा उजव्या खांद्याशी. तिसरा काखेत. म्हाताऱ्याचं कापरं काही थांबलं नव्हतं, पण त्यातही गोळा कधी सोडायचा हे त्याच्या बोटांना ठाऊक असावं. शिंपी गोळे पुरवायला लागला, डब्यावर ताल धरला गेला, वरच्या खिडकीत माणसं आली आणि कुणीतरी शिट्टी घातली. टपालवालीला पिशवीखालून नुसतं थाड थाड ऐकू येत होतं आणि आतून असं हसू फुटत होतं की हातातला फोन हलायला लागला. फोनमधली बाई म्हणाली, कृपया स्थिर राहा.

शेवटचा गोळा कानाशी जायचा होता. म्हाताऱ्यानं तो दोनदा तोलला, डोळे बारीक केले आणि सोडला.

तो गेला थेट आजीच्या नाकावर.

डब्याचा ताल थांबला. आजीची पापणी लवली नाही. गोळा नाकावरून ओघळून तिच्या पायाशी पडला आणि ती तशीच समोर बघत राहिली. म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो थरथरते हात पुढं करून लगबगीनं तिच्याकडं निघाला.

"लागलं का गं?"

आजी जागची हलली नाही. फक्त बोलली.

"चाकू फेकत होतात तेव्हा एकदा तरी विचारलंत का?"

"तेव्हा लागलं नव्हतं."

"मग आज विचारलंत तर किती गोड वाटलं बघा," आजी म्हणाली आणि तिला हसू आवरेना. आधी पोट हललं, मग खांदे, मग गाल वर चढले आणि त्या गालांनी ढकलून ढकलून पापण्या खाली आणल्या. मिटल्या. उघडल्या. पुन्हा मिटल्या. खेळ संपला होता.

फोन किणकिणला. आतली बाई म्हणाली, आपण हयात आहात, धन्यवाद.

बोळात जो कल्ला उठला, त्यात ते धन्यवाद कुणाला ऐकू गेलं नाही. गिऱ्हाईकानं डबा बडवून बडवून चेपवला. शिंप्याच्या बायकोनं आजीच्या नाकाला हळद लावायची का विचारलं, तर आजी म्हणाली, राहू दे, नवऱ्यानं दिलेलं आहे. म्हातारा मात्र हिरमुसून पायरीवर बसला. त्याचा एक नेम चुकला होता. आजी त्याच्या शेजारी बसली, गोळा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, चुकला म्हणून तर जगले. आता उगाच तोंड पाडून बसू नका, चहा टाकते. म्हातारा गोळा चाचपत म्हणाला, साखर जास्त घाल.

टपालवालीला चहाचा आग्रह झाला. तिनं फोनवरची वेळ बघितली, मान हलवली आणि काच पदरानं पुसली. हसून हसून तिच्या बरगड्या दुखत होत्या आणि पिशवीच्या पट्ट्यात एक चिंधी अडकलेली होती. ती तिनं काढून शिंप्याच्या हातात दिली. शिंप्यानं वर बोट दाखवलं. त्याच्या माडीवर सर्कशीतच पूर्वी बाजा वाजवणारे एक काका राहायचे, त्यांचीही नोंद राहिली होती आणि ते मघापासून खिडकीतून शिट्ट्या घालत होते.

ती जिना चढली, दम घेतला आणि दार वाजवलं.

"काका, टपाल. शिट्टी बास करा आता आणि उजेडात बसा. पापणी तेवढी पाहिजे तुमची."