वीसपैकी वीस देणारे सर

गणितात नापास होणं ही मुळात अशक्य गोष्ट आहे असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो आमच्याच शाळेत गणित शिकवतो. मुरुम गावाच्या बाजूला आमची जिल्हा परिषदेची शाळा. तिथं मी मराठी शिकवते. चाचणीचे पेपर आले की मी दोन दिवसांत गठ्ठा संपवून मोकळी होते. सर मात्र आठवडाभर त्या गठ्ठ्यापुढं बसून असतात, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. पेपर ते तपासत नाहीत, त्यात गुण शोधतात. उत्तरात नुसतं 'समजा' लिहिलेलं असलं तरी अर्धा गुण. "मॅडम, समजा म्हणायला बी अक्कल लागती का न्हाई?" एका मुलानं प्रमेयाच्या जागी 'सर, माफ करा, पाठ झालं नाही' एवढंच लिहिलं होतं. त्याला खरं बोलल्याबद्दल एक गुण मिळाला. दुसऱ्यानं प्रश्नच पुन्हा उतरवून काढला होता. त्या पेपरावर सर बराच वेळ विचार करत बसले आणि शेवटी म्हणाले, "अक्षर बघा की. प्रश्न समजून लिहिलाय त्यानं." मी म्हटलं, सर, अक्षराचे गुण माझ्या विषयात असतात. तर म्हणाले, "मग तुमी द्या, म्या हितं लिहितो."

एवढं करूनही जो पोरगा पस्तीसला टेकत नाही, त्याच्यासाठी सरांच्या खिशात एक घडीचा कागद असतो. आयटीआयच्या सगळ्या कोर्सांची यादी. कोणत्या कोर्साला दहावी पास लागतं, कोणत्याला आठवीवर भागतं, ते त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं. आठवडी बाजारात वांगी घेता घेता ते एखाद्या पालकाला गाठतात आणि वांगी तिथंच विसरून त्याच्या मुलाचं भविष्य ठरवून येतात. भूमितीचा पेपर तपासताना तर त्यांचं असं सुरूच असतं. "हे वर्तुळ बघा, कंपास न लावता काढलंय. काय गोल आलंय! लेथवरचा टर्नर होणार ह्यो." मग त्या गोलाईचाही एक गुण.

आम्ही सगळे त्यांना हसतो, मीच जरा जास्त. पण खरं सांगायचं तर परीक्षेच्या दिवसांत त्यांच्याकडं बघवत नाही. बोर्डाच्या पेपराला गणिताच्या शिक्षकाला केंद्रात थांबू देत नाहीत. मग सर रस्त्यापलीकडच्या हॉटेलात घड्याळ समोर ठेवून बसतात. "आता पहिला प्रश्न झाला असंल," असं दर दहा मिनिटांनी हॉटेलवाल्याला सांगतात. मागवलेला चहा तसाच निवून जातो. बाहेर आलेल्या पोरांना पेपर कसा गेला हे विचारायची त्यांची छाती होत नाही. ते नुसते त्यांच्या चेहऱ्यांकडं बघत उभे राहतात.

गेल्या वर्षी ही काळजी एकाच मुलीवर येऊन थांबली होती. नसरीन तिचं नाव. तिच्या वडिलांचं मुरुमला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या जळालेल्या मोटारी आणायच्या, आतली तार उसवायची आणि नवी भरायची, हे काम ती सहावीपासून त्यांच्या शेजारी बसून करत आलेली. गणितात मात्र पाटी कोरी. तिचे वडील एकदा शाळेत आले आणि सरांसमोर हात जोडून म्हणाले, "सर, पोरीच्या हातात हुन्नर हाय, कागद न्हाय. तिला इलेक्ट्रिशियनच व्हायचंय. तेवढं दहावीचं बघा." सरांनी खिशातली यादी काढली. वायरमनला आठवी चालते, इलेक्ट्रिशियनला दहावी पासच लागतं. शेजारी उभ्या नसरीननं नकाराची मान हलवली. वायरमन नको होतं तिला. त्या दिवसापासून सरांचा जीव टांगणीला लागला.

दहावीच्या गणितात ऐंशी गुण बोर्डाच्या लेखी परीक्षेचे आणि वीस शाळेच्या हातातले. हे वीस सर सगळ्यांनाच वीसच्या वीस देऊन टाकत. गेल्या वर्षी मुख्याध्यापकांनी यादी परत पाठवली. सगळ्यांना सारखेच गुण कसे, वर विचारतील, जरा कमीजास्त करा, असं म्हणाले. कमी करायचं म्हटल्यावर सरांच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवस ते ती यादी घेऊन स्टाफरूममध्ये बसले होते. पाचव्या दिवशी यादी तयार झाली, आणि ती वाचून मुख्याध्यापक खुर्चीतून उठलेच. शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलीला चौदा, दुसऱ्या नंबराला पंधरा, आणि तळाशी असलेल्या नसरीनला वीस! "अहो, जिला येतं तिला कशाला लागत्यात?" सरांनी शांतपणे विचारलं. "ज्याला गरज हाय त्याला द्यायचे." वर पहिल्या मुलीच्या घरी ते स्वतः जाऊन आले, तिच्या आईची माफी मागितली आणि चहाही पिऊन आले. त्या माऊलीनं दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन जो गोंधळ घातला, तो अख्ख्या गावानं ऐकला. शेवटी पहिल्या पाच जणांचे गुण मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडून वाढवून घेतले. नसरीनच्या विसांना मात्र सरांनी हात लावू दिला नाही. मीही गप्प बसले. ते बरोबर नाही हे मला कळत होतं, पण मलाही ती पास व्हायला हवी होती.

निकाल लागला. नसरीनला गणितात छत्तीस. सरांनी पेढे वाटले ते जणू त्यांचीच मुलगी बोर्डात आल्यासारखे. मलाही हायसं वाटलं.

दिवाळीच्या सुटीनंतर एका दुपारी नसरीन शाळेत आली. अंगावर आयटीआयचा निळा गणवेश, हातात वही. सर उठून उभेच राहिले. "ये, ये! कसं काय चाललंय?" तिनं वही टेबलावर ठेवली. प्रात्यक्षिकात ती वर्गात पहिली होती. गणिताच्या चाचणीत शून्य होतं. "तिथले सर इचारत होते, दहावीला छत्तीस कसे पडले म्हणून," ती म्हणाली. "आनखी दोनदा असंच झालं तर मला कागद मिळनार न्हाय म्हणले." मग तिनं खाली बघत सांगितलं, "सर, तुमी मला नववीतच नापास केलं असतं तर मला कळलं तरी असतं. मला वाटायचं, येतंय थोडंफार."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सरांनी खुर्ची पुढं सरकवली आणि तिला बसवलं. मग चाचपडत म्हणाले, "मोटार भरताना तू काय करतीस ते सांग मला." ती सांगू लागली. मोटारीत तार बसवायच्या छत्तीस खाचा असल्या, चुंबकाचे चार पोल असले, तर एकेका पोलाला नऊ खाचा येतात, मग तारेचे अमुक इतके वेढे घ्यायचे. ती भराभर सांगत होती, बोटं हवेत तार गुंडाळत होती. सर ऐकता ऐकता एकदम माझ्याकडं वळले. "मॅडम, हिला भागाकार येतोय हो! हातानं येतोय, कागदावर येत न्हाई." आणि मग हळूच म्हणाले, "तीन वर्सं हिची वही तपासली म्या. हिचा हात कधी बघितलाच न्हाई."

त्यानंतर दर रविवारी ती सरांच्या घरी येऊ लागली. सरांनी स्वतः जुन्या बाजारातून एक जळकी मोटार आणली. तिची तार उसवत, वेढे मोजत, ते तिला पाचवीच्या अपूर्णांकांपासून शिकवू लागले. मी जवळच राहते, कधीमधी डोकावून यायचे. महिनाभरानं त्यांनी तिची वीस गुणांची परीक्षा घेतली. पेपर तपासताना मी समोर बसले होते. एकेका उत्तरावर पेन थांबायचं, गुण द्यायला जागा शोधायचं. मी म्हटलं, सर, द्या की एखादा गुण. ते म्हणाले, "न्हाई मॅडम, आज न्हाई." शेवटी पेपरावर नऊ पडले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच कुणाला नऊ देताना बघितलं.

नसरीननं तो पेपर दोन्ही हातांत धरला. "खरे हायत का, सर?" तिनं विचारलं. सरांनी होकाराची मान हलवली. ती इतकं मोकळं हसली की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पेपर पिशवीत नीट ठेवून ती मुरुमची गाडी गाठायला पळाली.

सर दारात उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मला वाटलं, आता खूश असतील. पण ते वळले तेव्हा चेहरा उतरलेला होता. "मॅडम," ते म्हणाले, "ही सांगायला तरी आली. बाकीच्यांचं काय हो? इतक्या वर्सांत जे सगळे पास होऊन गेले, त्यांचं?"

या माणसाला मी कितीदा हसले असेन. त्या वेळी मात्र मला त्याची फार माया वाटली. मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले.