मावशी ध्यानाला बसते

परमेश्वराच्या शोधात निघालेली माणसं काळाचौकीत पुष्कळ असतील, पण तो सापडलाच तर नीट तपासून घ्यायचा, अशा तयारीनं निघालेली माझ्या मावशीसारखी दुसरी कुणी नसेल. तिचाही इलाज नव्हता. औषधांच्या एका कारखान्यात तीस वर्षं तिनं एकच काम केलं. इंजेक्शनची बाटली दिव्यासमोर धरायची, हलकेच उलटी करायची आणि आत एखादा कण तरंगतोय का ते बघायचं. कण दिसला की बाटली रिजेक्ट. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. आमच्याकडे आली की पाण्याचा ग्लास आधी खिडकीकडे धरायची आणि मग प्यायची. मला बघायला आलेल्या मुलालाही तिनं मुद्दाम खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. तो पास झाला आणि माझा नवरा झाला. पण "जरा हट्टी वाटतो" हा शेरा तिनं त्याच दिवशी मारला होता, आणि तो तंतोतंत खरा निघाला.

तिनं स्वतः लग्न केलं नाही. साठी उलटल्यावर, माझी आई गेली त्याच वर्षी, ती ध्यानाला बसू लागली. आम्हाला वाटलं, एकटीचा वेळ जात नसेल. पण तिला वेळ घालवायचा नव्हता, आणि मनःशांतीही नको होती. शांती काय, दुपारी पंखा लावून पडलं तरी मिळते, असं तिचं मत. तिला अनुभव हवा होता. ध्यान खोल गेलं की पलीकडचं काहीतरी जाणवतं, प्रकाश दिसतो, मीपणा गळून पडतो, असं तिनं ऐकलं होतं, आणि हे खरं का खोटं ते तिला स्वतः बसून बघायचं होतं. गुरू मंडळी तिच्यापुढे फारशी टिकली नाहीत. लालबागच्या एका हॉलमध्ये प्रवचन करणाऱ्या गुरुजींना तिनं विचारलं, की तो प्रकाश पिवळा असतो की पांढरा, आणि दिसला तर डोळे उघडायचे की मिटूनच ठेवायचे. असे प्रश्न पडणं हाच मोठा अडथळा, असं गुरुजी म्हणाले, आणि मावशीनं त्यांना जागच्या जागी रिजेक्ट केलं. दुसऱ्या एकांनी मासे सोडायला सांगितले. ते तिनं पंधरा दिवस सोडले. सोळाव्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन तिनं नम्रपणे कळवलं, की आधी ध्यानात कधीमधी बांगडा यायचा, आता दुसरं काही येतच नाही.

चाळीतल्या खोलीत ध्यान करणं म्हणजे तसं धाडसच. रे रोडच्या बाजूनं ट्रकचे हॉर्न, मजल्यावर दहा घरांचे दहा टीव्ही. मावशीनं दारावर पाटी लावली, 'ध्यान चालू आहे. हाक मारू नये.' लोक हाक मारत नसत, सरळ आत येत आणि अजून किती वेळ लागेल, असं कुजबुजत विचारत. कोळीण टोपली दाराशी टेकवून म्हणे, "बसा तुम्ही, मी थांबते," आणि तिचं ते थांबणं मावशीला हाकेपेक्षा जड जाई. शेजारच्या कॅथलिक बाईंना तिची दया आली. त्या तिला दुपारी चर्चच्या रिकाम्या बाकावर नेऊन बसवू लागल्या. तिथे शांतता होती, गारवा होता, आणि मावशीला तिथे इतकी सुंदर झोप लागायची, की घोरणं सुरू झालं की बाईंना तिला कोपरानं ढोसावं लागे. रोजच्या बैठकीची नोंद ती डायरीत करायची. 'श्वास लांब. गुडघा दुखला. काही नाही.' अशी पाच वर्षं 'काही नाही'.

शेवटी ती दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला गेली. पाचव्या दिवशी मला फोन आला, की यांना घेऊन जा. झालं होतं ते असं. जेवताना समोर बसलेल्या एका मुलीच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं. कुणी कुणाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, असा नियम. मावशीनं कसेबसे दोन घास गिळले, आणि मग त्या निःशब्द हॉलमध्ये तिचा मालवणी आवाज घुमला, "काय झाला गो तुका?" मुलगी उठून तिच्या गळ्यातच पडली. तिला बघून आणखी दोघी रडू लागल्या. व्यवस्थापक बाईंनी समज दिली, तर दुसऱ्या दिवशी मावशी त्या मुलीच्या खोलीतच जाऊन बसली.

परतीच्या एसटीत मला हसू आवरेना. मावशी मात्र हसत नव्हती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तुझी आई गेली त्या सकाळी तू खाली औषध आणायला गेली होतीस."

मी तिच्याकडे वळून बसले.

"ती भिंतीकडे बघून हसली. म्हणाली, ताई, केवढा उजेड गं. मी वळून बघितलं, तर नुसती भिंत. तीस वर्षं मी उजेडात बघायचं काम केलं, आणि तिला दिसला तो मला दिसला नाही. ती कुठे गेली ते मला बघायचंय. बाकी काही नको."

नेमक्या त्या वेळी आपण तिथे नव्हतो, हे मला लागेल म्हणून तिनं पाच वर्षं हे मला सांगितलं नव्हतं. पुढचा सगळा रस्ता माझा हात तिच्या मांडीवर होता.

गेल्या वैशाखात एका दुपारी मी डबा घेऊन तिच्याकडे गेले. दार लोटलेलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले. मीही बसले. अर्धा तास गेला, तास होत आला. ती इतकी स्थिर होती, की मी घाबरून तिच्या नाकाजवळ हात धरला. श्वास चालू होता, अगदी संथ. मग तिनं डोळे उघडले आणि कसलीच घाई नसल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

हळूहळू तिनं सांगितलं. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, ती तिला ऐकू आली. मग लक्षात आलं, की शिट्टी ऐकू येतेय, पण ऐकणारं कुणी नाही. खोली होती, ऊन होतं, ती नव्हती. किती वेळ, ते ठाऊक नाही. भीती मात्र अजिबात वाटली नाही.

"आई दिसली?" मी विचारलं.

"नाही. कुणीच दिसलं नाही." मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "पण कुणी गेलंय, असंही तिथे वाटलं नाही गं."

त्या दिवशी तिनं डायरी उघडली नाही. डब्यातली भाजी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाली.

तसं पुन्हा काही झालेलं नाही. ती रोज बसते, पण कशाची वाट बघत बसत नाही. रविवारी मीही जाऊन तिच्याशेजारी बसते. पाच मिनिटांत माझ्या पायाला मुंग्या येतात. मनात आईचा चेहरा आणायला जाते, तर हल्ली तो पुसट येतो, आणि त्याची मला भीती वाटते. मग मी डोळे किलकिले करून शेजारी बघते. मावशी बसलेली असते, ओठ जरासे उघडे, कपाळावर खिडकीतलं ऊन. त्या बाजूनं ती थेट आईसारखी दिसते. मग मी डोळे मिटतच नाही. ती उठेपर्यंत तशीच बघत राहते.