विमलबाईंची इंटरनेटवरची पंगत

श्रुती, ये अशी जवळ. तू तिकडं पुण्यात आणि मी इथं लातुरात हे मला कळतंय, पण वाचताना तरी जवळ बसल्यासारखी बस. दिवाळीला आलीस ते पायात चप्पल तशीच ठेवून. भिंतीवरचा फोटो बघितलास, "आजी, ही चिडलेली बाई कोण गं?" म्हणालीस आणि मी तोंड उघडते तोवर तुझी बस सुटायला आली. असं विचारतात का कुणाबद्दल? आता ऐक, आणि मधे उठू नकोस.

पहिली गोष्ट, त्या चिडलेल्या नाहीत. त्यांना भूक लागलीय. हातातलं रिकामं ताट आठव. किनवटला मुलींचं वसतिगृह होतं, तिथं विमलबाई गृहप्रमुख आणि मी स्वयंपाकीण. सगळ्या मुली जेवेपर्यंत बाई जेवायच्या नाहीत. रिकामं ताट हातात धरून पंगतीतून फिरायच्या आणि एकेकीच्या ताटात डोकवायच्या. नियम एकच. जी आधी जेवली, तिनं पुढच्या ओळीला वाढायचं. "पोट भरलं का? मग ओढणी खोच आन वाढायला लाग," हे रोजचं. अभ्यास बुडवला तर बाई रागवायच्या आणि विसरायच्या. पण जेवून गुपचूप हात धुवून पळालेली मुलगी कायमची त्यांच्या लक्षात राहायची.

रेणुका कधीच पळाली नाही. जंगलातल्या एका पाड्यावरची पोर. आली तेव्हा कुणाशी बोलायची नाही, पण वाढायला सगळ्यांत पुढं. वरणाची बादली तिच्या गुडघ्याला लागायची तरी सोडायची नाही. बाई मला म्हणायच्या, "मावशी, उद्या मी नसले तर ही चालवील बघ." बाईंच्या तोंडून एवढी तारीफ दुसऱ्या कुणाची मी ऐकली नाही.

बाईंना एक नाद होता. त्यांच्या भावानं दिलेला व्हिडिओ कॅमेरा खांद्याला लावून त्या सगळं टिपायच्या. स्नेहसंमेलन, भीमजयंतीची गाणी, मुलींची भांडणं, अगदी माझं भाकरी थापणंसुद्धा. मी म्हणायचे, "माझं काय काढताय? लुगडं बघा कसं झालंय." त्या म्हणायच्या, "लुगड्याचं नाही, हाताचं काढतेय."

निवृत्तीनंतर त्या नांदेडला राहायला गेल्या. त्या जुन्या कॅसेटी स्टुडिओवाल्या अजीजभाईंनी कॉम्प्युटरात घालून दिल्या. ढीगभर झाल्या. मुली तर पांगलेल्या, कुणी नायगावला, कुणी देगलूरला, कुणी पार हैदराबादला. मोबाईलवरून पाठवावं तर चित्र बारीक आणि पुसट होऊन जायचं. प्रत्येकीला पेनड्राइव्ह पोचवायचा कुणी? तेव्हा अजीजभाईंनी ते टोरंट का काय ते सांगितलं. "अम्मा, इसमें ऐसा है, एक के पास पूरा रहता. दूसरी कू थोडा मिला, के वो तिसरी कू देती. सब एक दूसरे कू देते बैठते."

बाईंचे डोळे चमकले. "म्हणजे पंगतच की ही!" म्हणाल्या. "आपली!"

मग काय विचारतेस. मुलींचा व्हॉट्सअ‍ॅपचा गट होता, त्याचं नाव त्याच दिवशी 'किनवटची पंगत' झालं. पहिलं ताट रेणुकेला. ती लग्न करून कंधारला गेलेली, अंगणवाडीत काम करते. तिला नांदेडला बोलावून सगळं पेनड्राइव्हवर भरून दिलं आणि सांगितलं, "तुझं ताट भरलं. आता कॉम्प्युटर चालू ठेव आन बाकीच्यांना वाढ."

आणि पंगत अडली. मुली गटावर सांगायला लागल्या, बाई, गोगलगायीसारखं येतंय. बाई, कालपासून हललंच नाही. अजीजभाईंनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, रेणुकेच्या घरून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही.

बाईंचं डोकं फिरलं. आता इंटरनेटची लाईन देणाऱ्या कंपनीवर संशय घ्यावा, हे तुला सुचलं असतं. बाईंना कसं सुचावं? त्यांनी जन्मभर एकच बघितलेलं. वाढण थांबलं म्हणजे वाढणारी पळाली. गटावर सगळ्यांसमोर आपला आवाज भरून टाकला, "रेणुका, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. जेवून हात धुतलेस ना?"

रेणुकेनं संध्याकाळी गट सोडला. मी फोन केला तर रडत होती. "मावशी, कॉम्प्युटर चालूच ठेवून राहिले मी. मालक म्हणतात लाईटबिल येतंय, बंद कर, तरी न्हाई केला. सासूबाईंना हात लावू देत न्हाई. आन बाईंनी मला असं म्हणावं?" मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पळणारी प्रत्येक पोरगी असंच सांगायची." बाईंचं हे मला कधीच आवडलं नाही, एकदा मनात भरलं की भरलं. पण बघ, त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं, हे अजीजभाईंनी मला सांगितलं.

पुढं त्या डोळ्याच्या ऑपरेशनला लातूरला आल्या आणि आमच्याकडं राहिल्या. पट्टी निघाली तशी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "मावशी, तुझ्या लेकाच्या कॉम्प्युटरात हे भर. आता तू वाढ. मी समोर बसते." आणि खरंच बसल्या. चहा तिथंच, जेवण तिथंच. कुणी जवळून गेलं तरी म्हणायच्या, "वायरला पाय लावू नका." मोबाईलवर तुझ्या बाबाची क्रिकेटची मॅच सटासट चालू, लाईन एकच, आणि ही पंगत मात्र जागची हलेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "मावशी, मी तर इथंच बसलेय. मी तर उठले नाही." मी मान डोलावून म्हटलं, "हाव." त्या म्हणाल्या, "मग तीही उठली नसंल."

लगेच पदर खोचला. "चल, त्या लाईनवाल्याकडं." कंधारला आणि आमच्याकडं लाईन एकाच कंपनीची, आणि त्यांचं मोठं ऑफिस लातुरातच. मी भाकरी, ठेचा बांधून घेतला, कारण बाईंबरोबर जायचं म्हणजे किती वेळ लागंल सांगता येत नाही.

तिथं टाय लावलेला एक जण, सगळे त्याला कुलकर्णी सर म्हणत होते. बाई म्हणाल्या, "जयभीम साहेब. लाईनला काय झालंय?" त्यानं मोबाईलवर काहीतरी फिरवून दाखवलं. "स्पीड तर फुल आहे मॅडम."

"फुल आहे, मग पंगत का अडलीय?"

त्याला कळेना. मी सांगितलं, टोरंट. तसा तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला. "मॅडम, ते वरूनच हळू ठेवलेलं असतं. लोक चोरीचे सिनेमे वाटतात त्याच्यावर. आणि एकेक जण सगळी लाईन खाऊन टाकतो." मग इकडं तिकडं बघून म्हणाला, "सेटिंगमध्ये एक खूण करा, म्हणजे आत काय चाललंय ते आमच्या मशीनला ओळखू येणार नाही."

बाई ताठ झाल्या. "माझ्या पोरींची गाणी आहेत ती. चोरीचा माल आहे का, डबा झाकून न्यायला?" मग शांतपणे म्हणाल्या, "एकानं जास्त खाऊ नये, हे मला मान्य आहे. मीसुद्धा तेच शिकवलं. पण बाळा, हात आखडायचा तर सांगून आखडावा. वाढणारा न सांगता हात आखडतो ना, तेव्हा पंगतीतली माणसं एकमेकांवर संशय घेतात. मी घेतला."

कुलकर्णी सर म्हणाले, "मी वर कळवतो."

"वरचं राहू दे. तू खाली कळव. कंधारला फोन लाव आन रेणुकेला सांग की चूक तुमची होती."

"मॅडम, असं आम्हाला बोलता येत नाही. कंपनीचा नियम आहे."

"बरं," म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मला म्हणाल्या, "सोड गं भाकरी." आम्ही तिथंच जेवायला बसलो. म्हणजे मी बसले. बाई उठल्या आणि काउंटरवरच्या पोरींना, दारावरच्या वॉचमनला, सगळ्यांना चतकोर चतकोर भाकरी वाढत फिरल्या. एकीला म्हणाल्या, "नखं वाढलीत, काप." शेवटी कुलकर्णी सरांपुढं. "खा. तुला पण भूक लागली असंल. मला घाई नाही, मी शेवटीच जेवते." ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की लाजेनं, ते त्यांनाच ठाऊक. पाणी प्यायले आणि फोन लावला.

स्पीकरवर रेणुकेचा आवाज आला. सर म्हणाले, "ताई, तुम्ही कॉम्प्युटर चालूच ठेवला होता. आमच्याकडूनच लाईन हळू होती."

"ते मला माहीत हाय दादा," रेणुका म्हणाली. "ते आमच्या बाईंना सांगा."

"त्या इथंच आहेत."

बाईंनी फोन घेतला, कानाला लावला आणि लगेच माझ्या हातात दिला. "तू बोल. मला नीट ऐकू येत नाही." मुंगी चालली तरी ऐकणारी बाई!

लाईन काही त्यांनी मोकळी केली नाही. आम्हीच, मी इथं आणि रेणुकेनं कंधारला, दुसऱ्या कंपनीची घेतली आणि पंगत धावायला लागली. पण त्याआधी बाई कंधारच्या बसमध्ये बसल्या, मला घेऊन. रेणुकेच्या घरात शिरल्या, माफीबिफी काही नाही, सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ताट वाढलं आणि रेणुकेला धरून बसवलं. रेणुका म्हणाली, "बाई, तुम्ही?" बाई म्हणाल्या, "तू कधी पळाली नाहीस. जेव." ती जेवेपर्यंत बाई रिकामं ताट घेऊन उभ्या राहिल्या. तो फोटो रेणुकेनं जेवताजेवता डाव्या हातानं मोबाईलवर काढला. तोच हा भिंतीवरचा.

मागच्या थंडीत बाई गेल्या. झोपेतच, कुणाला न सांगता. सांगून जायचं एवढं शिकवून स्वतःच न सांगता गेल्या, म्हणून मी त्यांच्यावर थोडी रागावलेय. रेणुका गटात परत आलीय. बाईंचं सगळं काम तीच बघते आणि मुलींना बाईंच्याच आवाजात दम देते, "ताट भरलं का? मग बंद करू नका." आमचा कॉम्प्युटरसुद्धा चालूच असतो. तुझा बाबा लाईटबिलावरून बोलतो, मी ऐकू येत नसल्यासारखं करते.

बाईंच्या त्या कॅसेटींत एक तुकडा आहे. मी भाकरी थापतेय, तरणी आहे, आणि कॅमेऱ्यामागून बाई हसतायत. बाईंचं हसणं फोटोत दिसत नाही, ते तिथंच ऐकायला मिळतं. तुझं ताट अजून रिकामं आहे गं. लॅपटॉप घेऊन ये लवकर. आणि या खेपेला चप्पल दाराबाहेर काढून, चार दिवस राहायला ये.