स्नेहांकितची खुर्ची

मोठेबाबा गेले. आज त्यांच्या पत्राला उत्तर आलं.

काल तेरवी झाली. आज सकाळी पोस्टमनभाऊ चपला हातात घेऊन नाल्यातून आले आणि ओल्या पायांनीच ओसरीवर बसले. पाकीट माझ्या हातात दिलं.

आत काय आहे ते मी न उघडताच सांगितलं.

"आपले पत्र मिळाले. आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. मतदारसंघाच्या सर्वांगीण विकासासाठी मी कटिबद्ध आहे. आपला स्नेहांकित."

खाली सही. तीही छापील.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, म्हणून आमदारांना पत्रं लिहायचं काम माझं. ते सांगायचे, मी लिहायचे.

प्रश्न एकच. नाल्यावरच्या पुलासाठी पैसा मंजूर झाला, असं ग्रामसभेत सांगितलं होतं. पूल तर नाही. मग तो पैसा कुठे खर्च झाला?

मला खरंच वाटायचं, नीट विचारलं की नीट उत्तर मिळतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तसंच होतं.

पहिलं उत्तर आलं तेव्हा मी रडकुंडीला आले. मोठेबाबा मात्र शेवटच्या शब्दावर थांबले.

"स्नेहांकित म्हंजे का व बाई?"

"प्रेमाचा माणूस."

"मंग आपलाच झाला ना! त्याले नाटकाले बोलाव."

"मोठेबाबा, हे छापील आहे. सगळ्यांना हेच पाठवतात."

"सगळ्यायवरच पिरेम करते? भलताच मोठ्या मनाचा मानूस दिसते."

हिवाळ्यात आमच्या गावात झाडीपट्टीचं नाटक होतं. मंडपात पहिल्या रांगेत त्यांनी एक खुर्ची धरली आणि वर आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकला.

"कोनासाठी जी?" मागून कोणीतरी विचारलं.

"स्नेहांकित येनार हाय."

अख्खा मंडप हसला. तेव्हापासून ती स्नेहांकितची खुर्ची. दर हिवाळ्यात रिकामी.

एकदा मी चिडून विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं, तो येईल?"

"येते का नाई, मले का मालूम. पन पाहुना म्हनलं का त्याले रस्त्यानंच या लागते. नाला त्याच्याबी पायाले लागू दे."

या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं.

पलीकडे ॲम्ब्युलन्स येऊन उभी. अलीकडे बाजेवर मोठेबाबा. मधे नाला, दोन्ही थड्या भरून.

संध्याकाळ होत आली होती. पाणी, आभाळ, झाडं, सगळं एकाच राखाडी रंगाचं. पलीकडच्या सागांमधून तेवढा लाल-निळा दिवा फिरत होता. पानांवर. पाण्यावर. मग त्यांच्या चेहऱ्यावर.

त्यांनी माझा हात धरला.

"बाई, नाटक सुरू झालं का व? लाइट दिसून राह्यले."

"हो, मोठेबाबा."

"मंग चाल ना. खुर्ची धरली हाय."

पाणी उतरलं तेव्हा ते नव्हते.

आज मी पुन्हा पत्र लिहिलं. तोच प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. पुलाचा पैसा कुठे खर्च झाला? खाली एवढंच जोडलं: ज्यांच्या भावनांची नोंद आपण घेतलीत, ते वारले. उत्तर आता मला द्या.

पुन्हा हेच छापील आलं, तर मी पुन्हा लिहीन.

त्या पत्राखाली स्नेहांकित लिहायला हात धजला नाही. तो शब्द इथे लिहिते.

मोठेबाबा, या हिवाळ्यात पहिल्या रांगेत तुमचा दुपट्टा तुमच्यासाठीच टाकणार आहे.

सावकाश या. आता तुमच्या वाटेत नाला नाही.

तुमची स्नेहांकित,
बाई