मेंढवाड्याखालचं पाणी

एडसन व्हाइटरॉकला तळ्यावरचे सगळे ओळखतात. गोऱ्या पाहुण्यांना जीपमध्ये कोंबून लाल खडकांच्या उतारावरून खाली न्यायचं, तिथे बोटीत बसवून तळ्याच्या आतल्या चिंचोळ्या घळींत शिरायचं, आणि घळ बोटीच्या अंगापेक्षा अरुंद झाली की चिखल तुडवत पायी पुढे जायचं, हा त्याचा आयुष्यभराचा उद्योग. पाहुणे घाबरून विचारतात, अहो, रस्ता कुठाय? तो म्हणतो, रस्ता असता तर मला कोण कुत्रं विचारत होतं? गोडबोल्या नाही, पण थट्टेखोर आहे. आणि अमेरिकेतल्या आम्हा मूळनिवासी नावाहोंमध्ये ज्याची कोणी थट्टा करत नाही त्याने समजून जावं, आपल्यावर कोणाचा जीव नाही.

एवढी दुनिया त्याच्या बोटीत बसून गेली, पण त्याची आई देसबा कधी बसली नाही. ती डोंगराच्या पायथ्याशी आपल्या गोल मातीच्या घरात राहते. वय झालं, एका डोळ्याने दिसत नाही, तरी मेंढ्या सोडवत नाहीत. चरायला नेताना एका कड्यावरून तळ्याचा निळा तुकडा दिसतो. तिथे आली की ती तोंड फिरवून चालायची. पाण्यावरचा राग असेल म्हणून कोणी विचारलं नाही.

रागाला कारणही होतं. आमच्यात बाळाची नाळ गळली की आई ती कुठेही टाकत नाही, जागा पाहून पुरते. मेंढवाड्यात पुरली तर पोर मेंढ्यांना धरून राहतं. एडसनची नाळ देसबाने खाली घळीतल्या वस्तीवर, दगडी मेंढवाड्यात पुरली होती. तेव्हा तिथे मका व्हायचा, पीचची झाडं होती, झऱ्याला बारा महिने पाणी असायचं. मग लांब खाली नदीवर धरण बांधलं. पाणी चढणार म्हटल्यावर वडीलधारी माणसं हसली होती. एवढाल्या घळी भरायला पाणी आणणार कुठून, म्हणाली. पाणी आलं, आणि मका, पीच, झरा, मेंढवाडा सगळं गिळून वर कड्यांना टेकलं.

एडसन तेव्हा अगदी लहान होता. मोठा होऊन तो बोटीवर लागला तेव्हापासून देसबाने एक टोमणा कायमचा हाताशी ठेवला. "मी नाळ पुरली मेंढ्यांत, ती बुडाली पाण्यात, म्हणून माझ्या पोटी हा बेडूक आला." सुना हसायच्या, एडसनही हसायचा. बेडकाच्या कमाईतूनच मेंढ्यांचा चारा येतो, असं तो म्हणायचा, आणि म्हातारी मटणाच्या रश्श्यातलं चांगलं हाड त्याच्याच वाडग्यात टाकायची.

मग दुष्काळाची वर्षं लागली. तळं दर वर्षी खाली जाऊ लागलं, कड्यांवर पाण्याने सोडलेला पांढरा पट्टा उंच उंच दिसू लागला. एके वर्षी वसंतात एडसन आपल्या नेहमीच्या जागी बोट लावायला गेला. ती जागा त्याची फार लाडकी. घळीच्या पोटात एक खोल, शांत डोह, वर कड्याची सावली, आणि पोरांना उड्या मारायला खडकाची सोयीची कड. पाहुण्यांचं दुपारचं जेवण तो वर्षानुवर्षं तिथेच करत आला होता. स्वतःच्या मुलीला पोहायलाही त्याने तिथेच शिकवलं. त्या दिवशी डोहाच्या वरच्या अंगाला गाळातून दगडांची एक ओळ वर आलेली त्याला दिसली. रचलेली भिंत होती, एका कोपऱ्यात वाकलेली. तो बघतच राहिला. वस्ती याच बाजूच्या कुठल्याशा घळीत होती एवढं त्याला माहीत होतं, पण पाण्याखाली सगळ्या घळी सारख्याच.

त्या आठवड्यात तो आईकडे जेवायला गेला. मेंढवाडा वर आलाय, त्याने सांगितलं. कोपरा वाकलाय ना, तिने विचारलं. तो हो म्हणाला. देसबाने वाडगा खाली ठेवला. मग म्हणाली, मला ने. एडसनला वाटलं, म्हातारीला लेकाची नाळ आठवली. त्याला आतून बरं वाटलं, ते त्याने दाखवलं नाही इतकंच.

जाताना जीपमध्ये तिने त्याला रांगेने शिव्या घातल्या. उतारावर जीप तिरकी झाली की म्हणायची, मेंढ्यांनासुद्धा तुझ्यापेक्षा बरं चालता येतं. बोटीपाशी मात्र थांबली. काठावर उभं राहून तिने कमरेच्या पिशवीतून मक्याचे पराग चिमटीत घेतले, पाण्यावर सोडले, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, आणि शाल घट्ट ओढून बोटीत बसली. सबंध वाटभर तिने डोळे उघडले नाहीत. डोह ओलांडून वरच्या अंगाला पाणी उथळ झालं तशी एडसनने बोट बांधली. पुढे गाळ होता. वरून वाळलेला, आतून पोटरीपर्यंत घेणारा. त्याने हात पुढे केला तर म्हातारीने तो काठीने बाजूला सारला. या घळीत मी तुझ्या आधी चाललेय, म्हणाली.

मेंढवाड्याशी पोचल्यावर ती एकेका दगडावरून हात फिरवत गेली. हा माझ्या भावाने लावला, हा माझ्या आईने, असं पुटपुटत होती. दगडांवर गाळाचा पांढरा थर वाळून बसला होता, तो ती नखाने खरवडून काढायची. एडसनने वातावरण हलकं करायला म्हटलं, माझी नाळ सापडली तर उद्यापासून मेंढ्या राखायला येतो. ती हसली नाही. डोहाकडे पाठ करून भिंतीला टेकून बसली.

"तिकडे बघू नकोस," ती म्हणाली. "इकडे तोंड करून बस."

तो बसला.

"तुला बहीण होती."

 एडसनला भाऊ होते. बहिणीबद्दल घरात कोणी कधी चकार शब्द काढला नव्हता. आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत, त्याची जागा दाखवत नाहीत, तिकडे परत जात नाहीत. पण आयुष्य निघून गेलं तरी त्याला सुगावा लागू नये, याचं त्याला फार लागलं.

देसबा सांगत गेली. मका काढायच्या दिवसांत पोर खोकायला लागलं. त्या वर्षी बर्फ लवकर पडलं, घोड्यावरून डोंगर चढून दवाखान्यात न्यायचं तर दोन मुक्काम. ते जमलं नाही. तिच्या भावाने बाळाला कड्याच्या पायथ्याशी, खालच्या कपारीत ठेवलं, वर दगड लावले, आणि वस्ती तशीच सोडून सगळे वर आले. पुढच्या वर्षी धरणाच्या बाजूने एक साहेब आला, बरोबर आपली भाषा बोलणारा माणूस. घरोघर विचारत होते, खाली कोणाला पुरलंय का? असेल तर पाणी यायच्या आधी आम्ही नीट उचलून वर आणू.

"माझा भाऊ माझ्याकडे बघत होता," ती म्हणाली. "आपल्यात सांगत नाहीत. मी म्हटलं, नाही. कोणी नाही. मला वाटलं, पाणी काय इतकं चढतंय." तिने शालीचं टोक तोंडाशी धरलं. "एक शब्द बोलले असते तर माझं लेकरू कोरड्यात असतं रे."

खालची कपार म्हणजे डोहाच्या तळाची कपार.  सावली चांगली म्हणून, पाणी शांत म्हणून एडसनने माणसं आणून आणून त्याच जागी उतरवली होती. तिथे सँडविच खाल्ली होती, थट्टा केली होती, लेकीला पोटाखाली हात देऊन तरंगायला शिकवलं होतं. हे आईला कळलं तर ती इथेच बसल्या जागी संपेल, असं त्याला वाटलं. कळू द्यायचं नाही, आणि पुन्हा या डोहात बोट घालायची नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात घळीत इंजिनाचा आवाज घुमला. दुसऱ्या कोणाची बोट होती. डोहात येऊन थांबली, आणि मिनिटभरात तिच्यातली पोरं खडकाच्या कडेवर चढून उड्या टाकायला लागली. त्यांचं खिदळणं कड्यांवर आपटून दुप्पट होऊन परत येत होतं. देसबाने मान तिरकी करून ऐकलं.

"हे कोण?"

"पाहुणे."

"इथे नेहमी येतात?"

नाही म्हणणं सोपं होतं. शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता. पण आईचं आत्ताच ऐकलेलं ते दुसरं ‘नाही’ त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

"येतात. मीच आणतो, आई. सगळ्यात आधी मीच आणायला लागलो. मला माहीत नव्हतं."

 तो उठला, त्या बोटवाल्याला हाकलून देतो म्हणाला. तिने त्याची बाही धरून खाली बसवलं. पोरं पुन्हा खडकावर चढली होती. एक बारकी मुलगी घाबरून उडी टाकत नव्हती, बाकीची खालून चिडवत होती, आणि शेवटी तिने डोळे मिटून उडी टाकली तसा सगळ्यांचा एकदम हशा झाला. देसबाच्या सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"किती हसतात," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटायचं, एवढी वर्षं ती एकटीच आहे."

"मी आता इथे कोणाला आणणार नाही."

"आण. पोरंसोरं असलेली माणसं आण. नुसती दारू पिणारी नको."

परतताना बोटीत तिने डोळे उघडे ठेवले होते. पांढऱ्या पट्ट्याकडे, वर उरलेल्या लाल खडकाकडे बघत होती. एडसनने हळूच विचारलं, ती कशी होती?  आमच्यात बाळ पहिल्यांदा हसतं त्याचं जेवण घालतात. ज्याने हसवलं त्याने मेंढी कापायची, आणि बाळाच्या हाताने सगळ्यांना चिमूट चिमूट मीठ द्यायचं. तोपर्यंत घरादाराची चढाओढ चाललेली असते, कोण हसवतो म्हणून.

"हसायच्या आधीच गेली," देसबा म्हणाली. "मामाने मेंढी राखून ठेवली होती तुझ्यासाठी. तुलाच हसवायचं होतं ना तिला. तिला ज्या फळीवर गुंडाळून बांधायचो तिच्यापुढे बसून दिवसभर बोकडासारखा ओरडायचास. ऐकून आमचे कान किटले. ती नुसती तुझ्याकडे बघत राहायची, डोळे एवढे मोठे करून."

एडसनने इंजिन बारीक केलं. त्याने आठवून पाहिलं. मका आठवला, पीचच्या झाडावरून पडलेलं आठवलं, मामाचा घोडा आठवला. बोट काठाला लागली, जीप उतार चढून वर आली, आईला घरात नेऊन त्याने चूल पेटवून दिली, तरी तो आठवतच होता. ते डोळे काही त्याला आठवले नाहीत.